दोन बोल्टचं छप्पर

प्रिय सरळरेषा,

या नावाने तुला हाक मारणारं आता कोणी उरलं असेल असं वाटत नाही. ड्रॉइंग ऑफिसातले निम्मे गेले आणि उरलेल्यांसाठी तू 'सर' झालास. मी 'माननीय' असं लिहून पाहिलं, पण पेन पुढे सरकेना. तेव्हा हेच बरं. पट्टी न लावता टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तू रेघ ओढायचास आणि आम्ही सगळे टी-स्क्वेअर घेऊन ती खोटी पाडायला धावायचो. ती कधीच खोटी पडली नाही. रेघेच्या बाबतीत तू सरळ होतास, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, एकतीस वर्षांतला पहिला. "अगं, तू होतीस म्हणे तिथे? बरी आहेस ना?" मी म्हटलं, डावा हात मोडलाय, उजवा शाबूत आहे. तू हसलास आणि म्हणालास, "मग काय, लाल पेन्सिल चालूच राहणार." त्यानंतर तू आणखी दोन वाक्यं बोललास आणि फोन ठेवलास. त्या वाक्यांकडे मी येणार आहे, पण माझ्या क्रमाने. तुला कायम घाई असायची. आज जरा बस.

मी तिथे काय करत होते, हे तू विचारलं नाहीस. मी पोहत होते. साठी उलटली तसा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहा. म्हटलं, येत नाही. म्हणाल्या, मग शिका, अजून वय गेलेलं नाही. घरापासून दहा मिनिटांवर एक तलाव आहे, पण मी दोन बस बदलून शहराच्या मध्यावरच्या त्या मोठ्या बंदिस्त तरणतलावावर जायला लागले. का, ते तुला सांगायला नको. छप्पर आपलं होतं. छप्पर पेलणाऱ्या बारा लोखंडी कैच्या, एका खांबापासून समोरच्या खांबापर्यंत मधे कुठेही आधार नाही. तू काढलेल्या आणि मी तपासलेल्या. पाठीवर पोहायला शिकले तेव्हा वर बघत एकेक कैची मोजायचे. बाकीच्या बायका देवाचं नाव घेऊन पाय मारायच्या, मी 'एक, दोन, तीन' करत. खांबांची डोकी प्लॅस्टरच्या पेट्यांत झाकलेली होती, त्यामुळे बोल्ट काही दिसत नसत. पण ते तिथे आहेत हे मला माहीत होतं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चार. मीच तर सांगितले होते.

सकाळी अकरा ते साडेबारा ही बायकांची वेळ. तिथे माझी एक मैत्रीण झाली. ती शिवणकाम करायची, म्हणून सगळ्या तिला शिंपीणबाई म्हणायच्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान. पोहायचा पोशाख तिने स्वतः शिवला होता, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय आणि कमरेला चक्क खिसा. "पाण्यात खिसा कशाला गं?" असं मी विचारलं तर म्हणाली, "अहो, बाईमाणसाच्या कपड्याला खिसा मिळाला की सोडू नये, पाणी असो नाही तर काही." मला ती 'हेडबाई' म्हणायची. दोघींनी एकाच महिन्यात पाण्यात पाय घातला. मी सहा आठवड्यांत शिकले. ती पाच वर्षं उथळ बाजूच्या दांडीला धरून राहिली. खोल बाजूला चल म्हटलं की म्हणायची, "हेडबाई, ज्या पाण्यात पाय टेकत नाहीत ते पाणी आपलं नाही." तिच्या एकुलत्या एक मुलीचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. शुक्रवारी आईला न्यायला यायची. हाताला वंगणाचे डाग, बोलणं मोजकं. आई तिच्याबद्दल म्हणायची, "माझ्यावर गेली नाही. मी बोलते, ती बघते."

आता थोडं ऑफिसचं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र तू एकटाच वाचणार नाहीस. आपल्याकडे नकाशा काढणारा आणि तपासणारा कधीच एक नसे. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाईने नकाशा व्हायचा. त्याची अमोनियाच्या वासाची प्रत माझ्या टेबलावर यायची. जे बरोबर त्यावर मी पिवळी रेघ मारायची, जे चूक तिथे लाल. ती प्रत काढणाऱ्याकडे परत जायची. तो ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून दुरुस्ती करायचा आणि प्रत्येक लाल खुणेपाशी हिरवी टिकली द्यायचा, म्हणजे 'केलं'. मग ट्रेसिंग आणि प्रत दोन्ही पुन्हा माझ्याकडे. मी एकेक टिकली ताडून बघायची, आणि मगच 'तपासले' या चौकटीत सही. ही दुसरी तपासणी म्हणजे आपल्या धंद्यातला खरा धर्म. पहिल्या तपासणीत चूक सापडते, दुसरीत माणूस सापडतो, असं मीच नवीन पोरांना सांगायचे. पोरं म्हणायची, लालबाई आली, लपा.

तलावाच्या छपराचं काम आलं तेव्हा तू बत्तीसचा, मी तीसची. नकाशाचं पत्रक पाच तुझ्याकडे होतं, पहिल्या नऊ कैच्यांचे बुंधे, म्हणजे कैची खांबावर जिथे बसते ती टोकं. पत्रक सहा खोल बाजूच्या शेवटच्या तीन कैच्यांचं, ते गोगलगायीकडे. आठवतो ना? एक रेघ काढून चहा प्यायचा, दुसरी काढून पहिली पुसायचा. त्याची थट्टा करण्यात आपण दोघं सगळ्यांच्या पुढे. तुम्ही दोघांनीही बुंध्याला दोन बोल्ट दाखवले होते आणि मी दोन्ही पत्रकांवर लाल पेन्सिलीने तेच लिहिलं: चार हवेत. कारणही लिहिलं, कारण कारण न लिहिता लाल मारणं मला कधी पटलं नाही. छप्पर खाली बसू नये एवढ्यासाठी दोन पुरतात. पण वारा छप्पर दाबत नाही, वर उचलतो.

आता त्या दिवसाकडे येते. वादळाच्या, म्हणजे.

सकाळपासून हवा कोंदलेली होती. बसच्या खिडकीतून आभाळ बघितलं तर जुन्या तांब्यावर चढलेल्या हिरवट थरासारखं. अकराला आम्ही बावीसजणी पाण्यात होतो. साडेअकरा वाजून गेले असतील, कपडे बदलायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटांमधून अचानक आवाज यायला लागला. बावीस फोन एकदम कपाटांच्या आत किंचाळत होते. पत्रा थरथरत होता. आमची शिकवणारी, जिला सगळ्या शिट्टीबाई म्हणतात, धावत आत गेली आणि फोन हातात घेऊनच बाहेर आली. "टोर्नेडो! नदीच्या पुलावरून इकडेच येतोय. सगळ्या बाहेर, सगळ्या पाण्याबाहेर!" तिची शिट्टी मी पाच वर्षं ऐकली, पण तिच्या आवाजाला कंप फुटलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

नऊ मिनिटं होती. हे नंतर कळलं. त्या वेळी नऊ मिनिटं की नऊ तास, कोणाला ठाऊक होतं! ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून आम्ही हॉलमध्ये थांबलो, उथळ बाजूच्या भिंतीला पाठ लावून. काचेच्या भिंतीपासून लांब. चौघीजणी रस्ता ओलांडून समोरच्या जमिनीखालच्या वाहनतळात गेल्या. आधी दिवे गेले. मग पावसाचा आवाज आला, मग पावसाचा आवाजही ऐकू येईनासा करणारा दुसरा आवाज. लोक आगगाडीसारखा म्हणतात. मला तो आपल्या ऑफिसच्या मोठ्या छपाई यंत्रासारखा वाटला, कोणीतरी त्याच्या आत डोकं धरल्यासारखा. कान बंद झाले. तलावाचं पाणी शहारलं आणि एका बाजूला गोळा व्हायला लागलं. खोल बाजूच्या दारापाशी दोन शाळकरी मुली कडी धरून रडत उभ्या होत्या, दार आपटत होतं. त्यांना ओढून आणायला मी तिकडे धावले. धावले कसली, गुडघे आपटत गेले.

तिथून मी मागे वळून पाहिलं. जे पाहिलं ते नेमकं लिहिते, कारण मी ते सरकारी कागदावरही तसंच लिहून दिलंय. भिंत आणि छप्पर यांच्या मधे उजेडाची एक फट पडली. सरळ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू काढतोस तशी. छप्पर हातभर वर उचललं गेलं होतं आणि क्षणभर तसंच राहिलं, जणू कोणी डब्याचं झाकण उघडून आत बघतंय. मग ते आणखी वर गेलं, वाकलं, आणि उथळ बाजूवर खाली आलं.

माझ्यावर ते आलं नाही. माझ्या डोक्यावरच्या तीन कैच्या हलल्या, कण्हल्या आणि उभ्या राहिल्या. काचेच्या दाराची चौकट हातावर पडली तेवढंच. दोन्ही मुलींना ओरखडादेखील नाही. शिंपीणबाई आणि आणखी दोघी गेल्या. अकराजणी जखमी. शिट्टीबाईचा पाय काढावा लागला. वाहनतळात गेलेल्या चौघी पाच मिनिटांनी रस्ता ओलांडून परत आल्या, अंगावर टॉवेल तसेच.

इथे मी एक शब्द बदलून लिहिला आहे. सवयीने तू तो वाचून पुढे गेला असशील. आम्ही हॉलमध्ये 'थांबलो' असं मी म्हटलं. खरं असं की मी थांबवलं. शिट्टीबाई म्हणत होती, सगळ्या वाहनतळात चला. दोन मिनिटांचा रस्ता होता. बायका निघाल्याही होत्या. मी दारात आडवी उभी राहिले. "बाहेर पत्रे उडताहेत, माना कापतील. हे छप्पर कुठेही जाणार नाही. हे माझ्या डोळ्यांखालून गेलंय, बोल्ट न बोल्ट." माझा आवाज तुला माहीत आहे. त्या आवाजापुढे कंत्राटदार उभे राहत नसत, त्या ओल्या बायका काय राहणार! चौघींनी ऐकलं नाही. शिंपीणबाई अर्ध्या वाटेवर होती, हातात चप्पल. ती मागे वळली. "हेडबाई म्हणतात तर थांबू या बाई," असं बाकीच्यांना म्हणाली. आणि मी तिला दाखवलं त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं होतं, ती सगळ्यात भक्कम जागा.

इस्पितळात आठवडा गेला. वर्तमानपत्र उजव्या हाताने धरून वाचायचे. पाचव्या दिवशी तुझा फोटो. केस पांढरे झालेत, शोभतात. मागे भिंतीवर त्याच तलावाचं जुनं छायाचित्र, आणि खाली तुझं वाक्य, "अशा वादळापुढे जगातलं कुठलंच छप्पर टिकलं नसतं. निसर्गापुढे माणसाचं काय चालतं!" शेजारी बातमी, की चौकशी समितीवर तज्ज्ञ म्हणून तुझी नेमणूक झाली आहे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला मी बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?" तिला काहीच माहीत नव्हतं, ती समितीतल्या राजकारण्यांबद्दल बोलत होती. पण मी ते वाक्य जपून ठेवलं. कारण माझ्या मनात आधीच खटकत होतं. कुठलंच छप्पर टिकलं नसतं, तर मग मी कशाखाली उभी होते?

शिंपीणबाईची मुलगी इस्पितळात मला भेटायला आली होती. आईची पोहण्याची पिशवी तिला परत मिळाली होती, तीत माझा चष्मा निघाला, तो द्यायला. दहा मिनिटं बसली, चार वाक्यं बोलली. सोडलं त्या दिवशी मीच तिला फोन केला. म्हटलं, मला तलावावर जायचंय, एका हाताने बस चढता येत नाही. तिने कारण विचारलं नाही. कामाची गाडी घेऊन आली.

तिथे लोखंड कापून भंगारात न्यायचं काम चालू होतं. एक वेल्डर कैची कापत होता, पन्नाशीचा, तोंडाळ. मी जवळ गेले तशी ओरडला, "आजी, लांब! डोळे जातील!" मी म्हटलं, "डोळ्यांवरच जगले रे मी एकोणतीस वर्षं. मला एवढंच सांग, या बुंध्याला बोल्ट किती?" त्याने ज्योत बंद केली. "दोन. मघापासून तेच म्हणतोय मी. एवढं धूड आणि दोन बोल्ट? माझ्या दारावरच्या पाटीला चार आहेत. कुठल्या गाढवाने केलं असेल हे?" मी म्हटलं, "दोन गाढवांनी." तो हसला. मुलगी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

तिने शिडी लावली आणि पडलेल्या नऊ कैच्यांचे अठरा बुंधे स्वतः मोजले. सगळीकडे दोन. मग उभ्या राहिलेल्या तीन. प्लॅस्टरच्या पेट्या फोडल्या. सहा बुंधे, सहाही ठिकाणी चार. शिडीवरूनच म्हणाली, "आमच्याकडे लिफ्टच्या चार बोल्टांतला एक सैल निघाला तर आम्ही दारावर 'बंद' अशी पाटी लावतो आणि घरी जातो. लोक शिव्या देतात, देऊ देत." वेल्डरने प्रत्येक बुंध्यावर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले. तिने एकेकाचे फोटो काढले. बघ, गोगलगायीने तीन कैच्या वाचवल्या. बिचारा हयात असता तर त्याला फोन करून माफी मागितली असती.

मला तेव्हा तो शुक्रवार आठवला. तुलाही आठवत असेल, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने असा. तुझी आई संध्याकाळी आमच्याकडे मला बघायला येणार होती. तीन वाजता मी पत्रक पाचची प्रत लाल करून तुझ्याकडे दिली. तू म्हणालास, "बघितलं. करतो. तू सही करून ठेव आणि घरी जा गं, आवर जरा, आईसमोर अमोनियाचा वास येत बसशील काय?" आणि मी सही केली. दुरुस्ती न बघता, रिकाम्या विश्वासावर. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली ती एकमेव. घरी गेले, साडीला इस्त्री केली. बरोबर साडेसहाला तू आईला घेऊन दारात उभा. माझी आई आत येऊन कुजबुजली, "मुलगा वेळेचा पक्का आहे हो." मी किती सुखावले होते! आणि माझ्यासारख्या तपासनीसाला एवढं साधं कळलं नाही. अठरा बुंध्यांचा तपशील, आडवा छेद, उभा छेद, बोल्टांचं कोष्टक. शाई खरवडून पुन्हा भरायला चार तास कमीत कमी. कंत्राटदाराचा माणूस साडेपाचला प्रती न्यायला येणार होता. साडेसहाला तू माझ्या दारात होतास, तेव्हा ती दुरुस्ती होणं शक्यच नव्हतं. वेळेचा पक्का! सोमवारी सुधारित पत्रक पाठवू असं तू मनात ठरवलं असशील, एवढं मी तुला देते. सोमवारी काय झालं ते तुझं तुला माहीत. प्रत तू घडी घालून माझ्या खणात ठेवलीस. मी ती उघडली नाही.

लग्न मोडलं ते या कारणाने नाही, हे स्पष्ट लिहिते, नाही तर तू चारचौघांत म्हणशील की म्हातारी जुनं उट्टं काढतेय. तू म्हणालास, लग्नानंतर पेन्सिल ऑफिसात ठेवून ये. मी म्हटलं, पेन्सिल येणार नसेल तर मीही नाही. संपलं. त्याचा राग दोन वर्षांत विझला. आता जो पेटलाय तो दुसरा आहे. लोक मला म्हणतील, न्याय हवाय ना बाई. नको. न्याय समितीने करावा, तिला जमला तर. मला सूड हवाय, आणि तो शब्द मी तपासून लिहिलाय.

ऑफिसात संगणक आले तेव्हा जुन्या प्रती रद्दीत चालल्या होत्या. माझ्या मी टॅक्सीत घालून घरी आणल्या, स्वयंपाकघरातल्या फडताळांत भांड्यांखाली अंथरल्या. चांगला जाड कागद. तलावावरून आले त्या दुपारी मी एका हाताने सगळी पातेली खाली काढली. पत्रक पाच तिसऱ्या फळीवर, उलटं घातलेलं. एका पातेल्याचं गोल गंजकं कडं उमटलंय, बाकी लख्ख. माझं लाल 'चार'. माझं कारण. तारीख. लाल खुणेशेजारी तुझ्या अक्षरात, तुझ्या सुंदर अक्षरात, एक शब्द: 'करतो'. हिरवी टिकली कुठेच नाही.

आता फोनवरची तुझी ती दोन वाक्यं. तू म्हणालास, "मूळ नकाशावर 'तपासले'मध्ये सही तुझी आहे, लक्षात आहे ना? जुने कागद उकरण्यात दोघांचंही भलं नाही." फोनवर ऐकलं तेव्हा मला अर्थ लागला नव्हता. वाटलं, म्हातारा झाला, जुन्या आठवणी काढतोय. भांड्यांमधे जमिनीवर बसून तो लागला. म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी अजून खाटेवर असताना, तुला बोल्ट किती आहेत ते पक्कं माहीत होतं. तू माझी चौकशी करत नव्हतास. मला दार दाखवून कडी लावत होतास.

ती कडी मी काढली. परवा न्यायालयात गेले, तुझ्या समितीकडे नाही. सगळं लिहून दिलं, प्रत दिली, फोटो दिले, वेल्डरचा जबाब दिला. लिहून घेणारा कारकून भला होता. अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, "बाई, यात तुम्हीही अडकता. वकिलाला विचारा आधी." मी म्हटलं, "माझी सही पहिल्या परिच्छेदात घ्या. त्याची दुसऱ्या." त्याने तसं घेतलं. तेव्हा तुझ्याकडे जो एक पत्ता होता तो मी आधीच टेबलावर टाकला आहे. न बघता सही करणारी बाई, आणि करतो म्हणून न करणारा माणूस. दोघांनाही बोलावणं येईल. मी उभी राहीन. तू काय करतोस ते बघायला मी पुढच्या बाकावर असेन.

आणि हे पत्र कशाला, असं वाटत असेल. बोलावणं तर येणारच होतं. न्यायालयात जायच्या आदल्या दिवशी मी शिंपीणबाईच्या घरी गेले. शिवणाच्या यंत्रावर अर्धवट बाही तशीच होती. मुलीला समोर बसवून मी सगळं सांगितलं, न बघता केलेली सही, दारात आडवं उभं राहणं, तिची आई अर्ध्या वाटेवरून कशी मागे वळली ते, हातातल्या चपलेसकट. मी बोलत होते तोवर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पापणी हलली नाही तिची. रागावली नाही, रडली नाही, माफही केलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आणि दुसरा?" मी म्हटलं, त्याला मी पत्र लिहिते. म्हणाली, "लिहा. टपालात टाकू नका." म्हणून हे पत्र तुला पोस्टमनने दिलेलं नाही. तुझ्या दिवाणखान्यात, त्या तलावाच्या छायाचित्राखाली, निरोप आणलाय म्हणून जी बाई तू समोर बसवली आहेस, तिच्या बोटांवरचे डाग वंगणाचे आहेत. तिने हे आधी वाचलंय, तुला तिला काही समजावून सांगायला लागणार नाही. ती काही मागायला आलेली नाही, काही बोलणारही नाही. माझा चेहरा तिने पुरता पाहून घेतला. आता मान वर कर.

त्या एका सहीपुरती तुझीच,
तपासनीस